ओवीला पत्ता आहे, परिच्छेदाला का नसावा?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म १६०८ सालचा. त्यांच्या दासबोधाकडे घटकाभर केवळ एक रचना म्हणून पाहू. दशक २०, प्रत्येक दशकात समास १०, आणि समासातील प्रत्येक ओवीला क्रमांक. 'दशक १९, समास १' एवढे सांगितले की लेखनक्रियेवरचा समास उघडतो. प्रत कोणत्याही छापखान्यातली असो, टाइप मोठा असो की बारीक, पत्ता तोच राहतो. पाठभेदाने एखादी ओवी मागेपुढे होईल, इतकेच. हा पत्ता कागदाचा नसून मजकुराचा आहे.

आता आजच्या पीडीएफ फाइलीकडे वळू. पाठ्यपुस्तके, शासकीय परिपत्रके, संशोधन-निबंध हे सारे आपल्यापर्यंत याच रूपात येते. शिक्षक विद्यार्थ्याला फाइलीचा वेबपत्ता पाठवतात आणि खाली लिहितात, 'पान ४३ पाहा.' विद्यार्थी मोबाइलवर दोनशे पानांची फाइल उतरवून घेतो, ४३ आकडा टाकतो, आणि भलतेच पान समोर येते. असे का व्हावे?

वेबपत्त्याच्या शेवटी # ही खूण देऊन पुढे काही लिहिले, तर तेवढा भाग दूरच्या संगणकाकडे जातच नाही. मूळ पत्त्यावरून फाइल आली की त्या भागाचा अर्थ वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझर लावतो. पीडीएफसाठी या खुणेपुढे काय लिहिता येईल, हे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत २००४ साली नमूद झाले आणि २०१७ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यातले दोन मार्ग आपल्या कामाचे आहेत: एक पानाच्या क्रमांकाचा, दुसरा नावाच्या खुणेचा.

पानाचा मार्ग सोपा, पण फसवा आहे. येथे मोजणी फाइलीच्या पहिल्या पानापासून होते. मुखपृष्ठ, उद्देशिका, प्रतिज्ञा, प्रस्तावना, अनुक्रमणिका अशी दहा पाने आधी असली, तर छापील पान ४३ हे फाइलीचे ५३ वे पान ठरते. नव्या आवृत्तीत प्रस्तावना एका पानाने वाढली, की जुने सारे पत्ते चुकले.

दुसरा मार्ग मजकुराला धरून चालतो. फाइल तयार करतानाच एखाद्या प्रकरणाला किंवा प्रयोगाला नाव देऊन ठेवता येते. पाने सरकली तरी नाव त्या मजकुराबरोबर सरकते. टेक्‌सारख्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत अशी नावे आपोआपही पडतात. मात्र ती बहुधा क्रमांकावरून पडतात, आणि मध्ये एक नवे प्रकरण आले की तिसऱ्याचे चौथे होते. दासबोध पूर्ण झालेला ग्रंथ आहे, म्हणून त्याला क्रमांक पुरतात. दर काही वर्षांनी बदलणाऱ्या पुस्तकात 'पृष्ठताण-प्रयोग' असे विषयावरून दिलेले नावच टिकेल.

मग दोष कोणाचा? पीडीएफ १९९३ साली आली ती छापील पान कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. ते काम ती चोख करते. नावाची खूण करण्याची सोयही तीत आहे. आक्षेप आहे तो फाइल तयार करणाऱ्यांवर. पान सुबक दिसले की आपले काम संपले, असे ते धरून चालतात. खूण आत नसेल, तर बाहेरचा वाचक ती पत्त्यात लिहू शकत नाही. मराठीत ही उणीव अधिक जाचते. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या किंवा कागदावरून नुसत्या चित्ररूपात घेतलेल्या कित्येक फाइलींत शब्द टाकून शोधही लागत नाही. पत्ता नाही आणि शोधही नाही, अशा वेळी संदर्भ असूनही नसल्यासारखा होतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. विधान कोठून घेतले हे सांगणे आणि ऐकणाऱ्याने ते उघडून ताडून पाहणे, ही विज्ञानाची मूळ सवय आहे. ताडून पाहणे कटकटीचे झाले की विद्यार्थी शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवून मोकळा होतो. आणि नेमके तेच आपल्याला नको असते.

म्हणून पाठ्यसामग्री तयार करणाऱ्यांनी प्रत्येक प्रकरणाला, कृतीला व तक्त्याला टिकाऊ नाव द्यावे आणि ते छापील पानावरही दाखवावे. तोवर शिक्षकांनी नुसत्या दुव्यावर विसंबू नये. फाइल उतरवून दुसऱ्या ॲपमध्ये उघडली की # पुढचा भाग सहसा गळून पडतो. तेव्हा दुव्यासोबत आवृत्तीचे वर्ष, प्रकरण, उपशीर्षक आणि परिच्छेदाचा क्रमांक लिहावा. वर्गात एक कृतीही करून पाहता येईल: एकाच विधानाचा पत्ता विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे लिहायचा, आणि तिसऱ्या गटाने त्यावरून ते विधान शोधायचे. कोणता पत्ता पोचवतो आणि कोणता वाटेत सोडतो, हे मुलांना लगेच कळेल.