नादाची सोयरीक

'ग्लिटर', 'ग्लीम', 'ग्लो', 'ग्लिमर' या इंग्रजी शब्दांच्या आरंभीं एकच 'ग्ल' आहे आणि अर्थही प्रकाशाचाच. 'स्नोअर', 'स्नीझ', 'स्निफ' हे असेच नाकाच्या गोत्रांतले. व्याकरणकार जॉन वॉलिस यानें १६५३ सालींच अशा नादांची दखल घेतली होती; जे. आर. फर्थ यांनीं १९३० सालीं त्यांस 'फोनेस्थीम' हें नांव दिलें. परंतु 'ग्ल' या ध्वनींतच तेज आहे, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. 'ग्लू', म्हणजे सुताराचा सरस, कोठें चकाकतो? कांहीं शब्दांचें मूळ एक असेलही. बाकीची सोयरीक सहवासानें जुळते, आणि ती त्या त्या भाषेपुरतीच. अनुवादकानें 'ग्लिटर'करितां 'प्रकाशणें' लिहिलें तर अर्थ पोंचतो, गोतावळा मागेंच राहतो. 'झगमगणें' लिहिलें कीं 'झळक', 'झळाळी' आपण होऊन मदतीस येतात.