साच्यातली दैवतं

दादरला रानडे रोडच्या फुटपाथवर, मखमल अंथरलेल्या एका ट्रेमध्ये थॉरचा हातोडा आणि महादेवाचा त्रिशूळ शेजारी शेजारी पडलेले दिसतात. दोन्ही त्याच काळपट धातूचे, त्याच काळ्या दोऱ्यात ओवलेले. पलीकडे रुद्राक्ष, शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा, एक कवटी. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या पोरांच्या गळ्यात यातलं काहीही सापडतं. हातोडावाल्याला मार्व्हलचे सिनेमे पाठ असतात, नॉर्स पुराणकथांची ‘एड्डा’ त्याच्या कानावरूनही गेलेली नसते. असू दे. माझं भांडण घडवणाऱ्याशी आहे. मूळ कथेत हा हातोडा घडत असताना खोडकर देव लोकी माशी होऊन भाता मारणाऱ्या बुटक्या कारागिराच्या, ब्रोकच्या, पापणीला चावतो, भाता क्षणभर थांबतो आणि मूठ आखूड राहते. देवांचं सर्वांत मोठं शस्त्र, आणि त्यात कारागिराची एक चूक कायमची. ट्रेमधल्या हातोड्याची मूठ मात्र लांबसडक. गोष्टच गाळली.

हे सगळं साच्यातून निघतं म्हणून नाक मुरडणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. डेन्मार्कमध्ये जटलंडात दहाव्या शतकातला मऊ दगडाचा एक साचा सापडला आहे. त्यात क्रूसही ओतता येतो आणि हातोडाही. गिऱ्हाईक कुठल्या का देवाचं असेना, सोनाराचं पोट भरलं पाहिजे! क्रूस गळ्यात आले तेव्हा त्याला उत्तर म्हणून हातोडे वाढले, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. पुढे याच नॉर्स जगातल्या रूनलिपीवर बेतलेली अक्षरं हिटलरच्या एसएसनं कॉलरवर चढवली. आपल्याकडे रून कोरलेली अंगठी विकणाऱ्यानं एवढं तरी माहीत करून घ्यावं.

आपला कोल्हापुरी साजही ठशाचाच. पातळ पत्र्यावर ठसा, पोकळीत लाख. परंपरेनं पानं २१ मोजतात: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. जवळून पाहिला की गंमत कळते. मासा आणि कासव विष्णूचे, लगेच बेलपान शंकराचं, मग नाग, भुंगा, आणि मध्येच चक्क कारलं! परसातली भाजी देवांच्या पंगतीत बसते, कुणाला खटकत नाही. प्रत्येक पान नखाएवढं, पण कुणाशेजारी कोण बसणार हे ठरलेलं. चिन्हांची ही मांडणी म्हणजेच त्या दागिन्याची कला. आज शोकेसमध्ये दहा-बारा पानांवर भागतं; कुठली पानं वगळली हे विचारलं तर वजन सांगतात.

‘वेअरेबल आर्ट’ या भारदस्त नावाखाली दादरच्या हॉलमधल्या प्रदर्शनांत जे मांडलं जातं, त्याची गत याहून वाईट. वारलीचंच घ्या. लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी चौक काढतात, मधोमध पालघट देवी बसते, तिच्यामुळे तो चौक. कुर्त्यावर, ब्लाउजच्या पाठीवर देवी नाही. तारपा नाचणारी काड्यांची माणसं तेवढी काठाला लावलेली. हात चांगला असतो, रंगही टिकतात. पण मधली जागा मोकळी सोडली की चित्राचं डिझाइन होतं.

या भागात अंगावर वागवायच्या चिन्हाला खरा जीव येतो तो ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी. बाबासाहेब आंबेडकरांवर १९५६ साली इथल्याच चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या चैत्यभूमीकडे निघालेली माणसं शिवाजी पार्कच्या मैदानात उतरतात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी बिल्ले, लॉकेटं, निळ्या फिती, धातूचे बुद्ध, अशोकचक्रं. छपाई सरकलेली, पिना आठवड्यात गंजणाऱ्या. कारागिरी म्हणून पाहिलं तर ट्रेमधला हातोडा उजवा ठरेल. पण नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारताना २२ प्रतिज्ञा घेऊन जुनी दैवतं नाकारलेल्या समाजानं ही चिन्हं स्वतः निवडली आहेत, आणि ती कुठे लावायची याची जाण प्रत्येकाला आहे. दागिन्यांवर लिहिणाऱ्या आमच्यापैकी कुणी या बिल्ल्यांची दखल घेतलेली मी वाचलेली नाही.

गेल्या वेळी स्टॉलपुढे एक आजी नातवाच्या शर्टाला बिल्ला लावत होती. पोरानं घाईघाईत उजवीकडची बाही पुढे केली. “तिथं न्हाई,” म्हणत तिनं पिन काढली आणि डावीकडे, खिशाच्या वर, दोनदा दाबून बसवली.