‘आलो’ आणि ‘आले’ : विरहकवितेतले दोन ‘मी’

फारसी क्रियापदाला लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांनाही तिथे एकच सर्वनाम. त्यामुळे गझलेत बोलणारे कोण आणि ज्याच्यासाठी झुरणे चालले आहे ते कोण, हे झाकून ठेवता येते. मराठीत ती सोय नाही. ‘मी आलो’ की ‘मी आले’, हे बहुधा लगेच सांगावे लागते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियन यांनी गझल मराठीत रुजवली (‘गज्जलांजलि’, १९३३), तेव्हा त्यांचा ‘मी’ प्रायः उघड पुरुष झाला. तो तिला आळवतो, तिच्यावर रुसतो, प्रीतीच्या आड येणाऱ्या समाजाशीही भांडतो.

स्त्रीच्या क्रियापदात बोलण्याची पुरुषांची रीत तर फारच जुनी. ज्ञानदेवांच्या विरहिण्या, शाहिरांच्या लावण्या, तांब्यांची नववधू. या साऱ्या जणींचे तोंड येणाऱ्या पुरुषाकडे (मग तो विठ्ठल असो की मृत्यू).

इंदिरा संत याच राजाराम कॉलेजाच्या विद्यार्थिनी. १९४० साली पती ना. मा. संत यांच्यासह ‘सहवास’, १९४६ साली पतीचे निधन, मग ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७). एवढी सनावळी मांडून आपली समीक्षा बाईंवर ‘विरहिणी’ असा शिक्का मारते. मला तो मान्य नाही. आपल्या कवितेतला ‘मी’ म्हणजे आपण नव्हे, ती एक कल्पिलेली व्यक्ती, असे एमिली डिकिन्सनने १८६२ सालीच हिगिन्सन यांना पत्राने कळवले होते. जूलियनांच्या प्रेमकवितेचाही संबंध त्यांच्या आयुष्याशी जोडला गेला. पण गझलेचा विचार करताना निदान वृत्ताची चर्चा होते. बाईंच्या वाट्याला नुसती हळहळ!

त्यांची पावसाला दटावणारी सर्वपरिचित कविता पाहा. पांथस्थाला मागे फिरव, अशी विनवणी तीत आहे खरी, पण ती उत्तरार्धात. तोवर कविता कशात गुंतली आहे? कौले, गळतीखाली ठेवायला नसलेली भांडी, दारातली वेल, नेसूचे जुनेर. विरहिणीच्या परंपरेत रात्र असते, चांदणे असते. गळके छप्पर सहसा नसते. आणि गंमत अशी, की पावसाला उद्देशून आलेल्या त्या आज्ञार्थी क्रियापदांना लिंगच नाही. बोलणारी बाई आहे हे आपल्याला भांड्यांवरून कळते.