शिक्का मारलेले पुस्तक : रहस्यमालांचा संग्रह आणि आपण

लहानपणी वाचलेल्या रहस्यकथांच्या जुन्या आवृत्त्या शोधून जमवणे हा एक निरागस छंद समजला जातो. संग्राहक आपल्या कपाटाबद्दल बोलतो तेव्हा तो बालपणाबद्दल बोलतो आणि ऐकणारेही हळवे होतात. पण कोणत्याही संग्रहाला समाजशास्त्र असते. पुस्तक चाळीस-पन्नास वर्षे टिकायचे तर त्याला कोरडी भिंत लागते, कपाट लागते, आणि ते रद्दीत घालण्याची पाळी कधी येऊ नये इतकी घरात बरकत लागते. ज्यांच्या आजोबांच्या घरात अक्षरच नव्हते, त्यांच्या नातवाला वारशात पुस्तक कोठून मिळणार? म्हणून या छंदाकडे हळवेपणा बाजूला ठेवून पाहिले पाहिजे.

मराठीतले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण भा. रा. भागवतांच्या (१९१०-२००१) ‘फास्टर फेणे’चे आहे. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि सायकलवरून रहस्यांचा माग काढतो. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि २०१७ मध्ये चित्रपट आला. खेड्यातल्या मुलाला नायक करणारी ही मालिका आहे, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. आता तिचे जुने सुटे भाग शोधणारे लोक आहेत. पण आपल्याकडची बालपुस्तके बहुधा पातळ मुखपृष्ठाची, मुलांच्या खिशाला परवडावी अशी. त्यांना जाड पुठ्ठा चढला तो बहुतेक वेळा वाचनालयाच्या बाइंडरकडे. मराठी बालरहस्यकथेची पुठ्ठाबांधणी ही प्रामुख्याने सार्वजनिक वाचनालयाची निर्मिती आहे, ही गोष्ट संग्राहकांच्या बोलण्यात येत नाही.

हा छंद खऱ्या अर्थाने फोफावला तो अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या ग्रॉसेट अँड डनलॅप या प्रकाशनाने १९२७ मध्ये ‘हार्डी बॉइज’ आणि १९३० मध्ये ‘नॅन्सी ड्रू’ या मालिका सुरू केल्या. कल्पना एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या संस्थेची. लेखक मोबदल्यावर नेमलेले आणि नाव बनावट. ‘कॅरोलिन कीन’ नावाची लेखिका कधी नव्हतीच. नॅन्सीची पहिली पुस्तके मिल्ड्रेड वर्ट यांनी लिहिली. लिहिणाऱ्या हातांचे नाव पुस्तकावर नाही, ही गोष्ट आपल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या मालिकांची जुनी कापडी बांधणी आणि तिच्यावरचे रंगीत वेष्टन यांसाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात. वेष्टनाच्या घडीवर मालिकेतल्या किती पुस्तकांची यादी आहे, यावरून ती प्रत कोणत्या छपाईची हे ते ठरवतात. नुसत्या पुस्तकापेक्षा फाटके का होईना, पण वेष्टन असलेल्या पुस्तकाचा भाव कितीतरी चढा असतो.

या बाजारातला एक नियम मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ज्या प्रतीवर वाचनालयाचा शिक्का आहे, दाखल क्रमांक आहे, तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती प्रत हलकी! कोऱ्या, न हाताळलेल्या प्रतीला मान आणि शंभर मुलांनी वाचलेल्या प्रतीला अवमान. ही केवळ बाजाराची सोय नाही, ही एक अभिरुची आहे. जे इतरांच्या हाताने ‘विटाळले’ नाही ते उत्तम, ही अभिरुची आपण चांगली ओळखतो.

बार्शी तालुक्यातल्या वैरागसारख्या बाजाराच्या गावी वाढलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांना रहस्यकथा भेटली ती अशा ‘हलक्या’ प्रतीतूनच. पहिली दोन पाने गळालेली, मधल्या पानावर कोणीतरी पेनाने मिशा काढलेल्या, आणि शेवटचे पान गेल्यामुळे चोर कोण ते आम्ही आपसांत ठरवायचो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला आणि पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांपर्यंत ते पोहोचण्याची एक वाट झाली. तो शिक्का म्हणजे त्या वाटेची नोंद आहे. संग्राहक जिला डाग म्हणतो, ती आमच्या वाचनाच्या इतिहासातली जवळजवळ एकमेव लेखी नोंद आहे.

मग जुन्या आवृत्त्यांचे मोल आपल्याला नाही काय? आहे, आणि ते वेगळ्या कारणाने आहे. १९५९ पासून नॅन्सी ड्रू आणि हार्डी बॉइज यांची जुनी पुस्तके नव्याने लिहून काढण्यात आली. काळ्या लोकांविषयीची अपमानास्पद वर्णने काढणे हा त्याचा एक हेतू होता. नॅन्सीच्या १९३० च्या पहिल्या पुस्तकात जेफ टकर नावाचा काळा रखवालदार आहे. तो दारूच्या नशेत सापडतो आणि त्याची बोली हास्यास्पद करून छापलेली आहे. १९५९ च्या आवृत्तीत काय झाले? काळ्या माणसाला सन्मान मिळाला नाही; रखवालदारच गोरा झाला! अपमान पुसला आणि त्याबरोबर माणूसही पुसला. नवी आवृत्ती स्वच्छ दिसते, कारण तिच्यात तो उरलेलाच नाही. १९९१ पासून जुन्या मजकुराची पुनर्मुद्रणे निघाली, म्हणून आज दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचता येतात. जुनी प्रत जपली नसती तर पुरावाच राहिला नसता. जुन्या आवृत्तीचे आपल्यासाठी मोल आहे ते या पुराव्याचे.

हाच प्रश्न रहस्यकथेच्या रचनेलाही विचारला पाहिजे. बालगुप्तहेराचे पहिले भांडवल बुद्धी नसून संचाराचे स्वातंत्र्य असते. नॅन्सी वकिलाची मुलगी, तिच्याजवळ स्वतःची मोटार. बनेशजवळ सायकल. कोणाच्याही दारात उभे राहावे, वाड्यात डोकावावे, रात्री विहिरीपाशी दबा धरावा आणि तरी लोकांनी ‘हुशार पोरगा’ म्हणावे! गावकुसाबाहेरच्या मुलाने हेच केले तर? तो गोष्टीच्या पहिल्याच प्रकरणात संशयित ठरेल.

ही अतिशयोक्ती नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. आमच्याच जिल्ह्यात, सोलापूर शहरात, अशा जमातींना कोंडणारी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथे माणसांना हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. सेटलमेंट हे नाव मात्र वस्तीला चिकटून राहिले. तारेआडच्या पोराने कोणता माग काढायचा? त्याचाच माग काढला जात होता. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’त (१९५९) हजेरीखाली जगणाऱ्या मांगांना नायकत्व दिले, तेव्हा त्यांनी संशयाची दिशाच फिरवली. योगायोग असा की अमेरिकेत जेफ टकरचा रंग बदलला तेही हेच वर्ष. एकीकडे माणूस पुस्तकातून काढला जात होता आणि दुसरीकडे तो पुस्तकात प्रवेश करीत होता.

संग्रह करणे हे काही प्रस्थापितांचेच काम नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालीत. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ती घेऊन येणारे जहाज १९१७ मध्ये पाणतीराने बुडाले. त्यांनी पुन्हा पुस्तके जमवली आणि पुढे दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. ती पुस्तके वापरासाठी होती. त्यांतूनच युक्तिवाद उभे राहिले. संग्रहाची आपली परंपरा ही आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक काम सुचवावेसे वाटते. वाचनालये जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करतात आणि ती पुस्तके रद्दीच्या तराजूवर जातात. तिथून बालरहस्यकथांच्या शिक्क्याच्या प्रती उचला. दाखल क्रमांक आणि तारखांच्या चिठ्ठ्या फाडू नका. कोणत्या गावच्या वाचनालयातली प्रत ते लिहून ठेवा. जुनी आणि नवी आवृत्ती मिळाली तर दोन्ही महाविद्यालयात शेजारी ठेवा आणि काय गळले, कोण गळले, हे विद्यार्थ्यांना शोधायला लावा. हे शोधकाम कोणत्याही रहस्यकथेपेक्षा कमी रंजक नाही. आणि ते करता करता वस्तीतल्या एखाद्या मुलीला असे वाटले की माग काढणारी मी का असू नये, तर तिच्या हाती वही द्या. ते पुस्तक अजून कोणाच्याच संग्रहात नाही.