इसे : नव्या लाकडातील प्राचीनत्व

सिद्धेश्वराच्या तलावाकाठी वाढलेल्या सोलापूरकराला देवस्थानाचे प्राचीनत्व दगडातच शोधण्याची सवय असते. जपानमधील इसेच्या शिंतो देवस्थानापुढे ही कसोटी अपुरी पडते. तेथील प्रमुख मंदिरे दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत, हिनोकी लाकडात, जुन्याच घडणीने नव्याने उभारली जातात. २०१३ साली हे ६२व्यांदा घडले. भाविकाला कुंपणाबाहेरूनच वंदन करावे लागते. लाकूड नवे असते. सुताराची विद्या मात्र एका पिढीने दुसरीच्या हाती सोपविलेली असते. वास्तुकला म्हणून इसेचे थोरपण यातच आहे. आपणही जुने चर्च पाडून नवे बांधतो. पण जुन्या वेदीवरील कोरीवकामाचे कसब कोणाला शिकवितो? नव्या वास्तूचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने एवढे स्वतःला विचारावे.