न्यूमन यांचे विद्यापीठ आणि आमची इंजिनिअरिंगची मुले

१ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे धर्माचार्य म्हणून घोषित केले आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या जोडीने त्यांना ख्रिस्तसभेच्या शैक्षणिक कार्याचे आश्रयदाते केले. (पोपमहोदय स्वतः गणिताचे पदवीधर आहेत, हा योग आम्हांस आवडला.) अशा प्रसंगी गौरवपर लेख पुष्कळ येतात, ग्रंथ मात्र कपाटातच राहतात. म्हणून न्यूमन यांचा ‘द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी’ आम्ही पुन्हा काढला. प्रत सेमिनरीच्या दिवसांतली. तिच्या पूर्वार्धात आमच्या पेन्सिलीच्या खुणा पानोपानी आहेत. उत्तरार्धात, जेथे विज्ञानावरील व्याख्याने येतात, तेथे एकही नाही.

हे न वाचल्याची किंमत आम्हांला काही वर्षांपूर्वी मोजावी लागली. एका रविवारी प्रवचनात आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, महास्फोटाच्या सिद्धांताने उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिला अध्याय सिद्ध केला आहे. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला आणि नम्रपणे म्हणाला, “फादर, उद्या हा सिद्धांत बदलला, तर?” आम्ही हसून, पाठीवर थाप मारून वेळ निभावून नेली. तो नंतरही मिस्साला येत राहिला. प्रश्न घेऊन मात्र पुन्हा आला नाही.

ग्रंथाचा जन्म आयर्लंडमधला. सरकारी क्वीन्स कॉलेजांत धर्मशास्त्राला स्थान नव्हते, म्हणून तेथील बिशपांनी स्वतंत्र कॅथोलिक विद्यापीठ काढायचे ठरवले. त्याची भूमिका मांडण्यासाठी न्यूमन यांनी १८५२ साली डब्लिनमध्ये व्याख्याने दिली आणि १८५४ ते १८५८ या काळात रेक्टरपदही सांभाळले. ती व्याख्याने व नंतरचे लेख मिळून आजचा ग्रंथ १८७३ साली सिद्ध झाला. त्यातला गाभ्याचा विचार असा : ज्ञान एकच आहे आणि निरनिराळी शास्त्रे ही त्याची अंगे आहेत. त्यांतून धर्मशास्त्र काढून टाकले, तर त्याची जागा रिकामी राहत नाही. शेजारचे शास्त्र तेथे येऊन बसते आणि आपल्या अधिकाराबाहेरचे निर्णय देऊ लागते. अर्थशास्त्र मग संपत्ती कशी वाढते एवढेच सांगून थांबत नाही, माणसाने कशासाठी जगावे हेही सांगू लागते.

हा भाग आम्हां धर्मगुरूंना सुखावणारा आहे आणि आमच्या खुणा तेथेच का पडल्या, हे उघड आहे. परंतु न्यूमन हाच नियम आपल्यालाही लावतात. १८५५ साली वैद्यकीय विद्यालयात दिलेल्या व्याख्यानात ते भौतिकशास्त्र आणि धर्मशास्त्र यांच्या पद्धतींतील फरक दाखवतात. एक निरीक्षणातून नियमाकडे जाते, दुसरे प्रकटीकरणातून मिळालेल्या सत्यापासून पुढे निघते. भांडण होते ते एकाने दुसऱ्याची पद्धत उसनी घेतल्यावर. निसर्गाच्या रचनेवरून देव सिद्ध करण्याचा जो छंद त्या काळी इंग्लंडात जोरात होता, त्याविषयी त्यांना भारी संशय आहे. त्या मार्गाने फार तर देवाचे सामर्थ्य आणि शहाणपण कळेल. पाप, कृपा आणि क्रूस यांचा तेथे पत्ताच लागणार नाही. आमचे ते प्रवचन नेमके याच छंदातले होते, हे वाचताना कान लाल झाले.

विज्ञानशाखेसाठी त्यांनी लिहिलेले दुसरे एक व्याख्यान तर याहून धीट आहे. संशोधकाला पावलोपावली धर्मशास्त्राची परवानगी मागायला लावू नका. त्याला चुकू द्या. सत्याकडे जाणारी वाट पुष्कळदा चुकीच्या प्रदेशातून जाते. एक सत्य दुसऱ्या सत्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, ही ज्याची श्रद्धा आहे त्याला घाबरून घाई करण्याचे कारण नाही. श्रद्धावंताने विज्ञानासमोर धीर धरावा, असे सांगणारा धर्मपुरुष त्या शतकात विरळाच.

या धिराचे उदाहरण कॅथोलिक विद्यापीठातच पुढे पाहायला मिळाले. बेल्जियममधील जॉर्ज लमेत्र १९११ साली लूव्हेन येथे इंजिनिअरिंग शिकू लागले. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. नंतर गणित व भौतिकशास्त्राकडे वळले आणि १९२३ साली धर्मगुरू झाले. लूव्हेनमध्ये शिकवीत असतानाच, १९२७ साली, त्यांनी विश्व प्रसरण पावत आहे असे मांडले आणि १९३१ साली त्याचा आरंभ एका आदिम अणूपासून झाला असावा असे सुचवले. ज्या सिद्धांताच्या जोरावर आम्ही प्रवचन ठोकले, त्याचा जनक हा धर्मगुरूच. मात्र २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी रोममधील विज्ञान अकादमीपुढे या नव्या शोधांत सृष्टीच्या निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र आनंदित झाले नाहीत, अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असे ते सांगत. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी तो धागा पुढे नेला नाही. त्या मुलाचा प्रश्न आणि लमेत्र यांची अस्वस्थता यांत आम्हांला काडीचाही फरक दिसत नाही.

एवढे ऋण मान्य करूनही ग्रंथ आम्हांला दोन-तीन ठिकाणी अडतो. विद्यापीठाचे काम ज्ञान शिकवण्याचे, ते वाढवण्याचे नव्हे. शोध लावणे हे अकादम्यांचे काम, असे न्यूमन प्रस्तावनेतच बजावतात. लमेत्र यांनी ते खोटे पाडले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील ब्लाटर हर्बेरियममध्ये गेले तरी ते खोटे पडते. येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर यांचे नाव धारण करणाऱ्या त्या संग्रहात वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या सहवासात किती विद्यार्थी घडले! खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे फादर सांतापाव त्याच परंपरेतले. शिकवणे आणि शोधणे यांच्यात तेथे भिंत नव्हती.

दुसरी अडचण आमच्या कुटुंबांना अधिक जवळची आहे. ज्ञान हे ज्ञानासाठीच, हा न्यूमन यांचा आग्रह. त्यांच्या डोळ्यांसमोरचा विद्यार्थी ऑक्सफर्डमधला सुखवस्तू तरुण आहे. घर गहाण टाकून मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालणाऱ्या बापाला हे कसे सांगावे? गंमत अशी की, न्यूमन यांच्या विद्यापीठाच्या पदव्यांना सरकारी मान्यता मिळाली नाही आणि बाकीचा संसार रखडत चालला. भरभराटीला आले ते १८५५ साली सेसिलिया स्ट्रीटवर सुरू झालेले वैद्यकीय विद्यालय, कारण तेथे शिकून डॉक्टर होता येत होते. पुढे ते युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये सामावले गेले. ग्रंथकाराने सिद्धांतात ज्याला दुय्यम मानले, व्यवहारात त्यानेच त्याची लाज राखली. न्यूमन यांनी ते विद्यालय उभारले, हे त्यांचे शहाणपण ग्रंथापेक्षा मोठे म्हणावे लागेल.

तिसरी उणीव काळाची आहे, दोष देता येत नाही. विज्ञान जग कसे आहे ते सांगते. तंत्रज्ञान ते बदलते. आपण बनवलेले यंत्र कोणाच्या हाती जाईल, कोणाची रोजी जाईल, हा प्रश्न न्यूमन विचारीत नाहीत. त्यासाठी पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रातील तिसऱ्या अध्यायाकडे वळावे लागते. तंत्रज्ञान तटस्थ नसते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

आमच्या कॉलेजांत याचे काय होते? आठवड्यातून एक मूल्यशिक्षणाचा तास. तो घेणारे फादर किंवा सिस्टर एकट्याच असतात. सर्किट शिकवणारे प्राध्यापक त्या वेळी घरी निघालेले असतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथोलिक विद्यापीठांसाठी काढलेल्या दस्तऐवजात ज्ञानाच्या एकात्मतेची आणि श्रद्धा व बुद्धी यांच्या संवादाची अपेक्षा आहे. संवादाला दोघे लागतात. प्रयोगशाळेतच कोणी शिक्षक, हे यंत्र बिघडले तर जबाबदार कोण, असे विचारील, तर त्या तासात न्यूमन यांचे निम्मे विद्यापीठ आले, असे आम्ही समजू.

ग्रंथाची इंग्रजी अवघड आहे, वाक्ये लांबलचक. ज्यांना सगळे झेपणार नाही त्यांनी उत्तरार्धातील विज्ञानाची दोन व्याख्याने आधी वाचावीत, मग पूर्वार्धाकडे वळावे. आमची प्रत आता धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवली आहे. तो मुलगा सध्या पुण्याला नोकरी करतो; नाताळात घरी येईल, तेव्हा त्याला ती द्यायची आहे. उत्तरार्ध कोरा आहे, पेन्सिल त्यानेच आणावी.