मैफल, माहितीपत्रक आणि दोन ट्रॅकचा रेकॉर्डर

गावातल्या संगीत मंडळाची बैठक असो वा शाळेच्या सभागृहातले गाणे, ते रेकॉर्ड करण्याचे काम बहुधा विज्ञानाच्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. 'तुम्हाला यंत्रांतले कळते' एवढे कारण लोकांना पुरते. मग यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न येतो, आणि त्यामागोमाग येते माहितीपत्रक. २४ बिट, ३२ बिट फ्लोट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे त्यात ठळक छापलेले असतात. आकडा मोठा म्हणून यंत्र चांगले, अशी समजूत करून घेणे सोपे असते. या लेखात आम्ही हे दावे एकाच कसोटीवर घासून पाहणार आहोत. समोर एक गायक, तबला, संवादिनी आणि दोन तानपुरे आहेत, शंभर-दीडशे श्रोते आहेत, आणि ही मैफल जशी ऐकू आली तशी जपायची आहे.

वेळेची अडचण आता उरलेली नाही, हे आधी मान्य करू. १९०२ साली कोलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले, तेव्हा ख्याल सुमारे तीन मिनिटांत बसवावा लागे. पुढे ९० मिनिटांची कॅसेट आली, तरी ४५ मिनिटांनी बाजू बदलावीच लागे. जुन्या खाजगी संग्रहांत ऐन द्रुतात तुटलेली तान ऐकू येते ती यामुळे. आज तीन तासांची मैफल नखाएवढ्या कार्डात मावते. परंतु मैफल दुसऱ्यांदा होत नाही, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे. आम्ही एकदा एका वयोवृद्ध गायकांची बैठक रेकॉर्ड केली आणि यंत्रावरील 'ऑटो लेव्हल'ची कळ चालू राहिली. गवई श्वास घ्यायला थांबले की तानपुरा फुगून वर येई, समेवर तबला पडला की गळा खाली दबे. यंत्र महागातले होते. बैठक मात्र परत झाली नाही. हा लेख त्या चुकीतून निघाला आहे.

दोनच ट्रॅक का?

आपल्याला कान दोन आहेत आणि त्या दोहोंत पोहोचणाऱ्या आवाजातील फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्यामागे हाच विचार होता. दोन माइक एकाच जागी ठेवून त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना वळवली, तर आवाजाच्या तीव्रतेतील फरकातून दिशा उमटते. फ्रेंच आकाशवाणीच्या पद्धतीत दोन माइकांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर १७ सेंटिमीटरला अर्धा मिलिसेकंद लागतो. डाव्या-उजव्या कानांत पडणारा वेळेचा फरक साधारण याच मापाचा असतो.

आपल्याकडे तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला बसतो आणि संवादिनीवादक डाव्या हाताला. समोर दोन-तीन मीटरवर ठेवलेली माइकची जोडी ही मांडणी जशीच्या तशी पकडते. प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक दिला, तर मैफलीनंतर त्यांचा तोल कोणीतरी नव्याने बसवावा लागतो. बैठकीत तो तोल कलाकारांनी एकमेकांचे ऐकून आधीच साधलेला असतो. म्हणून या कामाला दोन ट्रॅक पुरतात, असे आमचे मत आहे.

ठळक आकड्यांची परीक्षा

पहिला आकडा नमुन्यांचा. सेकंदाला जितके नमुने घ्यावेत, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपने नोंदता येतात. ४८ किलोहर्ट्झने २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. १९२ किलोहर्ट्झने ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे टिपता येईल. वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्याला ते उपयोगी आहे, मारव्याच्या आलापीला नाही. जागेचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. ४८,००० नमुने, प्रत्येकी ३ बाइट, दोन ट्रॅक, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. तीन तासांचे सुमारे ३.१ गिगाबाइट होतात. १९२ किलोहर्ट्झला तेच १२.४ गिगाबाइट होतात. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ गिगाबाइट आहे, कारण तिची लांबी ३२ बिटांच्या आकड्यात लिहिलेली असते. मर्यादा आली की यंत्र नवी फाइल सुरू करते. या सांध्यावर आवाज तुटतो का, हे मात्र खरेदीपूर्वी तपासण्यासारखे आहे.

दुसरा आकडा बिटांचा. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणून १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला बसतो. समजा सभागृहात पंख्यांचा आवाज ४० डेसिबल आहे आणि मैफलीतील सर्वांत मोठा आघात माइकपाशी १०० डेसिबलचा आहे. आपल्याला पल्ला हवा ६० डेसिबलचा. सुरक्षिततेसाठी वर २० डेसिबल मोकळे सोडले तरी १६ बिट पुरून उरतात. २४ बिटांचा कागदावरचा पल्ला १४४ डेसिबल येतो, पण कोणत्याही हातातल्या यंत्राचे विद्युत्मंडल तेवढे शांत नसते. तरीही २४ बिट घ्यावेत असेच आम्ही सांगू. कारण मग पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. आवाज तपासताना कलाकार जेवढा जोर लावतो, त्याच्या कितीतरी वर तो द्रुतात जातो.

तिसरा दावा '३२ बिट फ्लोट'चा. 'आता आवाज फाटणारच नाही' असे त्याबद्दल सांगितले जाते. २०२२ साली आलेले झूम कंपनीचे एफ-३ हे दोन ट्रॅकचे छोटे यंत्र याच कल्पनेवर उभे आहे आणि त्यावर पातळी लावण्याचे बटनच नाही. हळू आवाजासाठी एक आणि मोठ्या आवाजासाठी दुसरा असे दोन परिवर्तक एकाच वेळी काम करतात, आणि दोहोंची सांगड घालून आकडा लिहिला जातो. ही युक्ती खरी आहे आणि एकट्याने सर्व सांभाळणाऱ्या शिक्षकाला फार उपयोगाची आहे. पण दावा जेवढा सांगितला जातो तेवढा व्यापक नाही. माइकचा पडदाच आघाताने फाटला, तर पुढचे बिट त्याला वाचवू शकत नाहीत. मिक्सरमधून आधीच फाटून आलेला आवाज फाटकाच नोंदला जातो. शिवाय खोलीतला आणि माइकचा खरखराट यामुळे तसूभरही कमी होत नाही.

बारीक अक्षरांतला आकडा

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा पत्रकाच्या शेवटच्या पानावर असतो, आणि पुष्कळदा तोच गाळलेला असतो. माइककडून येणारा दाब अगदी क्षीण असतो, तो वाढवणाऱ्या प्रवर्धकाचा स्वतःचा खरखराट किती, हे तो सांगतो. निसर्गाने इथे एक तळ घालून दिलेला आहे. १५० ओहमच्या साध्या रोधातही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची धावपळ चालते आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्टचा खरखराट निर्माण होतो. पत्रकांच्या भाषेत हा आकडा उणे १३१ डीबीयू. याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. उणे १२७ असेल तर यंत्र उत्तम. उणे ११० असेल तर खरखराट सुमारे २.५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे तळाच्या अकरापट झाला.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय? हळुवार आलाप माइकपाशी ६० डेसिबलचा असेल, तर साधा डायनॅमिक माइक सुमारे ४० मायक्रोव्होल्ट देतो. उणे १२७ च्या यंत्रात खरखराट त्याच्या ४१ डेसिबल खाली राहतो, उणे ११० च्या यंत्रात फक्त २४ डेसिबल खाली. तोच आलाप कंडेन्सर माइकने घेतला, तर त्याच्याकडून दहापट दाब मिळू शकतो आणि स्वस्त यंत्राचा दोषही झाकला जातो. म्हणजे यंत्र आणि माइक यांची निवड एकत्रच करावी लागते. आता पंखे आठवा. त्यांचे ४० डेसिबल आलापाच्या फक्त २० डेसिबल खाली आहेत. पंखे चालू असताना महागड्या यंत्राची शांतता ऐकू येणारच नाही. मैफलीपुरते पंखे बंद करायला श्रोत्यांना राजी केले, तर हजारो रुपयांचे काम फुकट होते.

कंडेन्सर माइकला यंत्राकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो आहे का, आणि तो चालू असताना बॅटऱ्या किती तास टिकतात, हे वेगळे विचारावे. पत्रकातले तास पुष्कळदा तो बंद ठेवून मोजलेले असतात.

यंत्राची हुशारी

आमच्या बैठकीचा घात ज्या कळीने केला, तिच्याबद्दल थोडे. ऑटो लेव्हल ही सोय बोलण्यासाठी आहे. सभेतला दूरचा आणि जवळचा वक्ता सारखाच ऐकू यावा, एवढाच तिचा हेतू. ख्यालात हळू आणि मोठे यांतला फरक हाच आशय असतो, आणि ही कळ तोच पुसते. मोबाइल फोनची गोष्ट याहून मजेदार आहे. गोंगाट काढणाऱ्या त्यांच्या प्रणाली एकसारख्या, न बदलणाऱ्या आवाजाला गोंगाट समजतात. तानपुरा नेमका तसाच वाजतो. त्यामुळे ज्याच्या आधारावर सारे गाणे उभे आहे, तोच कचरा म्हणून झाडला जाण्याची भीती असते.

खालची कंपने कापणारी गाळणीही तपासून पाहावी. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ असेल, तर तानपुऱ्याचा खर्ज ६९.३ हर्ट्झवर येतो. जवारीमुळे तानपुऱ्याचा बहुतेक जोर वरच्या स्वरांशांत असल्याने तो काहीसा बचावतो. डग्ग्याचे घुमणे मात्र शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते, ते जाते. मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांवर शाईमुळे स्वरांश सुसंवादी पटीत येतात, हे सर चं. वें. रामन यांनी १९२० साली दाखवले. इतक्या कुशलतेने घडवलेला नाद एका कळीने कापून टाकणे बरे नव्हे.

मग घ्यावे काय?

माइक नसलेल्या शाळेने स्वतःचे माइक असलेले हातातले यंत्र घ्यावे, मात्र त्याला बाहेरचे दोन माइक जोडण्याची मोठी तीन पिनांची जागा असावी. टास्कम डीआर-४० किंवा झूम एच-५ या घडणीची यंत्रे या वर्गातली. आज अंगचे माइक वापरता येतात, उद्या पैसे जमले की चांगली जोडी घेता येते. ज्या मंडळाकडे कंडेन्सर जोडी आहे, त्याने ३२ बिट फ्लोटचे छोटे यंत्र जरूर पाहावे. अंगचे माइक नसल्याने त्याची खरी किंमत माइक, स्टँड आणि तारा धरूनच मोजावी. फक्त मिक्सरवरून तार घेऊन काम भागेल असे समजू नये. छोट्या सभागृहात तबला आपोआप मोठा ऐकू येतो, म्हणून मिक्सरमध्ये तो कमी ठेवतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो हरवतो. मिक्सरचा दाब एक व्होल्टच्या घरातला असतो, तो माइकच्या जागी जोडला तर फाटणार हे उघड आहे.

खरेदीपूर्वी एक प्रयोग वर्गातच करता येईल. बंद खोलीत एक तानपुरा लावा, दोन मीटरवर यंत्र ठेवा, सर्व आपोआप चालणाऱ्या सोयी बंद करा आणि पाच मिनिटे रेकॉर्ड करा. मध्येच तीन जोरदार टाळ्या वाजवा. हेडफोनने ऐकताना टाळीनंतर तानपुरा दबला का, टाळी फाटली का, तानपुऱ्यामागे खरखर किती, हे विद्यार्थ्यांनी लिहून काढावे. मग सोयी चालू करून तेच पुन्हा करावे. माहितीपत्रकातून जे कळत नाही, ते या दहा मिनिटांत कळते.

शेवटी एक गोष्ट यंत्राबाहेरची. कलाकाराची परवानगी आधी घ्यावी. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात कलाकारांचा हक्क आला. खाजगी वापराला आणि प्रामाणिक अध्यापन-संशोधनाला त्यात सूट आहे, पण विचारण्याची रीत त्यामुळे सुटत नाही. आणि मैफल संपल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी मूळ फाइलच्या प्रती कराव्यात. आमच्या त्या बैठकीची प्रत आम्ही अजून जपून ठेवली आहे. फुगणारा तानपुरा विद्यार्थ्यांना ऐकवला की ऑटो लेव्हल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.